पन्नास ग्रॅमची कुंडी

एबरहार्ड हेगेलेने उभ्या आयुष्यात एकदाच सिग्नल लाल असताना रस्ता ओलांडला होता. त्याला आता पन्नास वर्षं झाली. त्याच्या बायकोला, रोझविथाला, कळा सुरू झाल्या होत्या, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, आणि तिनेच त्याच्या दंडाला धरून त्याला ओढत पलीकडे नेलं होतं. मुलगी झाली, बाळबाळंतीण सुखरूप आहेत हे पाहिल्यावर तिसऱ्या दिवशी तो पोलीस चौकीत जाऊन गुन्हा कबूल करून आला. चौकीवरच्या माणसाने मुलीबद्दल त्याचं अभिनंदन केलं आणि घरी जायला सांगितलं. दंड झाला नाही, हे शल्य एबरहार्डला अजून आहे.

अशा माणसाच्या घरात गांजा पिकवायचा होता.

दोष म्हटला तर रोझविथाच्या बोटांचा. स्वाबियन, म्हणजे नैऋत्य जर्मनीतल्या आमच्या भागातल्या, बाईची परीक्षा श्पेट्झलेवर होते. म्हणजे अंड्यात भिजवलेलं सैलसर पीठ लाकडी पाटीवर घ्यायचं आणि सुरीने त्याच्या बारीक बारीक शेवया थेट उकळत्या पाण्यात खरवडायच्या. हात असा चालला पाहिजे की बघणाऱ्याला सुरी दिसू नये. बाजारात यासाठी दाबयंत्रं मिळतात, नाही असं नाही; पण ज्या घरात ते यंत्र आहे त्या घराबद्दल लोक हळू आवाजात बोलतात. दोन हिवाळ्यांपूर्वी रोझविथाची बोटं धरली. सांधे सुजले, सुरी पकडवेना. तिने एक दाबयंत्र आणलं, भांड्यांच्या मागे लपवलं, आणि ते वापरायच्या वेळी स्वयंपाकघराची खिडकी लावून घ्यायला लागली. कारण ते करकरायचं. समोरच्या फ्राउ क्नोडलरचे कान म्हणजे कान होते.

चर्चच्या गायनमंडळातल्या ट्राउडलने तिला सांगितलं की तिची बहीण गांजाचं मलम करते, मेण आणि तूप घालून, झेंडूच्या फुलांचं करतात तसंच, आणि बोटांना चोळते. आता कायद्याने परवानगीही आहे. रोझविथा घरी आली आणि तिने सूप वाढता वाढता हे एबरहार्डला सांगून टाकलं. पन्नास वर्षांच्या संसारात ती एक शिकली होती, की त्याच्या तोंडात गरम सूप असताना सांगितलेल्या गोष्टीला उत्तर यायला वेळ लागतो.

उत्तर यायला दोन दिवस लागले. त्या दोन दिवसांत त्याने अख्खा कायदा छापून आणून वाचला.

एबरहार्ड वजनमापे खात्यात एकेचाळीस वर्षं होता. नेकारच्या काठच्या आमच्या या गावात त्याच्या शिक्क्याशिवाय बाजारात बटाटासुद्धा हलत नसे. खाटकांच्या दुकानांत त्याला बघितलं की सॉसेज कापणाऱ्या सुऱ्या थांबायच्या. कुठे वजनात पाच ग्रॅमची तूट सापडली की दुकानदार म्हणायचा, 'हेर हेगेले, तराजू बिघडला असेल हो.' त्यावर एबरहार्डचं ठरलेलं उत्तर होतं: 'तराजू बिघडत नसतो. माणूस बिघडतो.' हे वाक्य गावात इतकं माहीत होतं की बायका ते मुलांना दटावताना वापरायच्या.

"कायद्यात बसतंय," दोन दिवसांनी तो म्हणाला. "प्रत्येक सज्ञान माणसाला घरात तीन झाडं. वाळवलेला माल घरात पन्नास ग्रॅम, त्यावर एक कणही नाही. स्वतः पिकवलेलं दुसऱ्या कुणालाही द्यायचं नाही, फुकटसुद्धा नाही, नवऱ्याला-बायकोलासुद्धा नाही. लहान मुलांच्या हाती लागू नये म्हणून कुलूप. शेजाऱ्यांना वासाचा त्रास होता कामा नये. माझी हरकत नाही. पण झाडं तुझी. मी त्यात नाही."

"तुला कोण ये म्हणतंय," रोझविथा म्हणाली.

टपालाने पाच बिया आल्या. तिने त्या दह्याच्या रिकाम्या कपांत पेरल्या, मुलीच्या जुन्या खोलीत दिव्याखाली ठेवल्या. खोलीला एबरहार्डने कुलूप बसवलं. घरात सगळ्यात लहान माणूस चौऱ्याहत्तर वर्षांचं होतं, पण कायदा तो कायदा. आठवड्याने पाचांतल्या चार बिया उगवल्या.

चार.

एबरहार्ड त्या चार कपांसमोर उभा राहिला तेव्हा त्याचा चेहरा एखाद्या आगीत सापडलेल्या माणसासारखा झाला. सकाळी सात ते साडेनऊ हेगेले कुटुंब कायद्याच्या दृष्टीने गुन्हेगार होतं.

"चौथं तुझं म्हण ना," रोझविथा म्हणाली. "तुलाही तीन लावता येतात. तूच वाचून दाखवलंस."

"माझं? मी त्यात नाही म्हणून सांगितलंय ना."

चौथा कोंब कचऱ्यात गेला. तपकिरी डब्यात, कारण तो ओला कचरा. कप मात्र धुऊन प्लॅस्टिकच्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत. डब्याचं झाकण लावताना एबरहार्डने टोपी काढली होती, असं खालच्या मजल्यावरचे हेर श्वेंक सांगतात, पण हेर श्वेंक गोष्टीला तिखटमीठ लावतात.

तीन आठवड्यांत कप अपुरे पडायला लागले, आणि मग सुरू झालं खरं प्रकरण. कुंडी केवढी घ्यायची?

हा प्रश्न रोझविथाच्या मते पाच मिनिटांचा होता. बाल्कनीतल्या तिच्या जिरॅनियमांना गावाच्या फुलांच्या स्पर्धेत दोनदा बक्षीस मिळालं होतं. कुंडी हा विषय तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. पण ती चूक करून बसली. जिन्यात हेर श्वेंक भेटले आणि तिने त्यांना विचारलं.

हेर श्वेंक टोमॅटो पिकवतात. त्यांच्या जगात प्रत्येक गोष्टीचं उत्तर वीस लिटरची बादली हे आहे. मुळांना जागा द्या, बाईसाहेब, मुळांना जागा द्या, झाड आपोआप येतं, असं म्हणत ते खाली गेले आणि दहा मिनिटांनी बादली घेऊनच वर आले. वरच्या मजल्यावरच्या फ्राउ आयदिन म्हणाल्या, बादली कशाला, ऑलिव्हचे पाच लिटरचे पत्र्याचे डबे आहेत माझ्याकडे, खिळ्याने तळाला भोकं पाडली की झालं. माझी आई इझमिरला यातच तुळस लावायची, कमरेएवढी व्हायची. आणि झाडाला एकदम मोठ्या घरात ठेवू नये, ते घाबरतं, नवी सून घाबरते तसं.

एबरहार्ड आतल्या खोलीतून सगळं ऐकत होता. त्याच्या कानांत सगळ्या बोलण्यातलं एकच वाक्य राहिलं. कुंडी मोठी तर झाड मोठं. झाड मोठं तर पीक जास्त. पीक जास्त तर पन्नास ग्रॅमच्या वर. म्हणजे गुन्हा कुंडीतच पेरलेला असतो.

"मी त्यात नाही," तो म्हणाला, "पण कुंडी मी ठरवणार."

आधी तो नगरपालिकेत गेला. त्याला तीन साध्या गोष्टी विचारायच्या होत्या: पन्नास ग्रॅम देठासकट की देठाशिवाय, ओलावा किती टक्के धरायचा, आणि नोंदणीचा अर्ज कुठे मिळतो. उद्यान विभागाने त्याला सुव्यवस्था विभागाकडे धाडलं, तिथून आरोग्याकडे. आरोग्याच्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, तुम्ही पोलीस खात्यातून आलात का? नाही, एबरहार्ड म्हणाला, पिकवणाऱ्या बाईंचा मी नवरा आहे. बाई म्हणाल्या की आतापर्यंत हे विचारायला कुणीच आलेलं नाही, देठाचं त्यांना माहीत नाही, आणि अर्ज वगैरे काही नसतो. घरी लावा, तीनच लावा, झालं.

"अर्जच नाही?" एबरहार्डने विचारलं.

"नाही."

तो खुर्चीवर बसला. बाईंनी त्याला पाणी दिलं. ज्या कायद्याला अर्ज नाही तो कायदा म्हणजे, तो रात्री जेवताना रोझविथाला म्हणाला, तळ नसलेलं माप. यापुढे देशाचं काय होईल याबद्दल त्याने आणखीही काही मुद्दे मांडले, पण ते इथे नकोत.

मग त्याने एक वही सुरू केली. पुस्तकं, मासिकं, श्वेंकच्या टोमॅटोंचे अनुभव, यांवरून लिटरला किती ग्रॅम याचा त्याने तक्ता केला. उत्तर आलं साडेतीन लिटर. झाडाला सोळा ग्रॅम, तिन्हींचे अठ्ठेचाळीस, दोन ग्रॅम मोकळे, मोजताना चूक झाली तर. श्वेंकची बादली परत गेली. एबरहार्डने ती दोन बोटांनी धरून खाली नेली, चोरीचा माल असावा तशी. फ्राउ आयदिनच्या डब्यालाही नकार गेला, पाच लिटर म्हणजे तीन डब्यांचे एकोणसत्तर ग्रॅम होतात असा हिशोब दाखवून. फ्राउ आयदिन तो तक्ता बघून म्हणाल्या, आमच्याकडे शेजाऱ्याने दिलेली वस्तू आधी घेतात, मग मोजतात. आणि दार लावून घेतलं.

शनिवारी तो बागेच्या सामानाच्या मोठ्या दुकानात गेला. बरोबर रोझविथा, आणि कोटाच्या खिशात पितळेचं एक लिटरचं माप, निवृत्तीच्या दिवशी सहकाऱ्यांनी दिलेलं. तिला वाटलं, माप आठवण म्हणून घेतलं असेल. मातीच्या कुंड्यांवर लेबल होतं, 'साडेतीन लिटर'. एबरहार्डने झाडांना पाणी घालायचा नळ शोधला, माप भरलं आणि कुंडीच्या भोकावर अंगठा दाबून ओतायला सुरुवात केली. तीन लिटर आणि दोन डेसिलिटर. दुसरी कुंडी, तीन लिटर एक. अकराव्या कुंडीपर्यंत त्याच्याभोवती तळं झालं होतं, एका बाईच्या ट्रॉलीचं चाक त्यात गरकन फिरलं होतं, आणि दुकानाचा व्यवस्थापक हात मागे बांधून उभा होता.

"साहेब," तो म्हणाला, "कुंडीत माती घालतात. दूध नाही विकत त्यातून."

एबरहार्डने त्याला मापाबद्दल, लेबलाबद्दल आणि ग्राहकाच्या विश्वासाबद्दल बारा मिनिटं सांगितलं. व्यवस्थापकाने ऐकून घेतलं आणि विनंती केली, की पुढच्या वेळी आल्यास माप घरी ठेवावं. पुढची वेळ येणार नाही, असं एबरहार्डने जाहीर केलं, अकरांतल्या सर्वांत प्रामाणिक तीन कुंड्या आणि मातीची एक पिशवी विकत घेतली आणि ताठ मानेने बाहेर पडला. पॅन्ट गुडघ्यापर्यंत ओली होती. रोझविथा चार पावलं मागून चालत होती, दुसऱ्या कुणाबरोबर आल्यासारखी.

आमच्या इमारतीत सहा बिऱ्हाडं. जिना झाडायची पाळी आठवड्याआठवड्याने फिरते, आणि ज्याची पाळी त्याच्या दाराला लाकडी पाटी लटकते: 'झाडलोटीचा आठवडा'. ही पाटी म्हणजे काय चीज आहे हे ज्याला कळलं नाही त्याला स्वाबियन माणूस कळलाच नाही. तर तो आठवडा फ्राउ क्नोडलरचा होता. शनिवार दुपार. जिना तिने नुकताच पुसला होता, इतका की पायऱ्यांत खिडकी दिसत होती.

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर एबरहार्डचा ओला बूट सटकला. तो वाचला, कठडा धरून. मातीची पिशवी फुटली. आणि वरची एक कुंडी निसटून घरंगळत निघाली. ती एकदम नाही गेली. प्रत्येक पायरीवर जरा थांबून, विचार करून, मग पुढच्या पायरीवर गेली, आणि तळमजल्यावर हेर श्वेंकच्या दारात पोचून फुटली. बाकीची पाचही दारं उघडली.

एबरहार्डला वाटलं, आता सगळं उघड करावंच लागणार. शेजाऱ्यांना माहिती द्यायची असं त्याने ठरवलेलंच होतं. त्यासाठी त्याने एक छोटं भाषणही तयार केलं होतं. ते त्याने तिथेच, मातीत उभं राहून केलं. गांजा, कायदा, तीन झाडं, पन्नास ग्रॅम. फ्राउ क्नोडलर आत गेली आणि झाडू घेऊन आली. सेहेचाळीस वर्षं समोरासमोर राहून तिचं आणि हेगेल्यांचं अजून अहोजाहो चालायचं.

"हेर हेगेले," ती म्हणाली, "घरात तुम्ही काय पिकवता हा तुमचा प्रश्न आहे. जिना सगळ्यांचा आहे."

त्या संध्याकाळी पाटी हेगेल्यांच्या दाराला लटकली. पाळी नसताना. सेहेचाळीस वर्षांत हे कधी झालं नव्हतं. रोझविथाने दुखऱ्या बोटांनी दोन वेळा जिना पुसला, आणि आपल्या घरातल्या सगळ्या दुर्दैवाचं मूळ अर्ध्या लिटरच्या अचूकतेत आहे असं तिचं मत झालं.

आता कुंड्या दोन आणि झाडं तीन. त्या दुकानात पाऊल टाकणार नाही असं एबरहार्ड बोलून बसला होता. दुसरं दुकान शोधेपर्यंत तिसरं रोप दह्याच्या कपातच राहिलं. त्याची मुळं तळाच्या भोकातून बाहेर डोकावत होती, पानं संध्याकाळपर्यंत मान टाकायची. रोझविथाला ते बघवेना. गुरुवारी एबरहार्ड निवृत्तांच्या बैठकीला गेला तशी ती तळघरात उतरली आणि तिथे कोपऱ्यात जुन्या चादरीखाली तिला तिच्या आईची भरणी दिसली.

राखाडी, निळ्या फुलाची, आंबट कोबीची चिनी मातीची भरणी. पोटावर निळ्या रंगात दहाचा आकडा. दर ऑक्टोबरात आई कोबीचे सात-आठ गड्डे किसायची, मीठ घालायची, आणि रोझविथाच्या हातात लाकडी बडवणं द्यायची. कोबीने रड धरेपर्यंत मार, आई म्हणायची. आपण दमलो की समजायचं, अजून अर्धंच झालंय. आईचे हात मिठाने लालभडक व्हायचे आणि ते गरम पाण्यात घालून ती रात्रभर कण्हायची. तेव्हा ते म्हाताऱ्या माणसांचं दुखणं वाटायचं. आई तेव्हा छत्तीस वर्षांची होती.

भरणी एकटीला उचलेना. ती वर गेली, फ्राउ आयदिनच्या दाराशी उभी राहिली, आणि आधी डब्याबद्दल माफी मागितली. फ्राउ आयदिननी भरणी कडेवर घेऊन वर आणली, आणि संध्याकाळच्या आत तिसरं रोप तिच्यात बसलं.

एबरहार्ड परतला, भरणीसमोर उभा राहिला, पोटावरचा आकडा वाचला.

"दहा लिटर," तो म्हणाला. "हे बेकायदेशीर आहे."

"अजून नाही. अजून ते वीतभर आहे."

पण भरणीला तळाशी भोक नव्हतं. कसं असेल? कोबीचं पाणी आत राहायला हवं म्हणून तर ती केलेली. आठ दिवसांत झाडाची पानं पिवळी पडली. मुळं पाण्यात कुजायला लागली होती. एबरहार्ड म्हणाला, भोक पाडावं लागेल. रोझविथा म्हणाली, माझ्या आईच्या भरणीला? पाडून तर बघ. त्यानंतर चार दिवस घरात 'मीठ दे' आणि 'दिवा मालव' एवढंच बोलणं झालं.

त्यातच आल्गॉयला तिच्या बहिणीचा पंच्याहत्तरावा वाढदिवस आला. दोघांनी जायचं ठरलेलं. पण दोन्ही कुंड्या एवढ्या लहान की सकाळ-संध्याकाळ पाणी लागायचं; एक वेळ चुकली की रोपं आडवी. एबरहार्ड मागे राहिला. मी त्यात नाही, तो म्हणाला, पण सरकारने पाणी घालायला मनाई केलेली नाही.

रोझविथा पाच दिवसांनी आली तेव्हा भरणीतलं झाड हिरवं झालं होतं. तिला वाटलं, बरं झालं, मी नसताना त्याला जरा कमी पाणी मिळालं. तिला एवढंच दिसलं की भरणीखाली आता मोठी एनॅमलची परात आहे, आणि एबरहार्ड रोज सकाळी पितळेचं माप घेऊन खोलीत जातो. "खप मोजतोय," तो म्हणाला. रोझविथाने मान हलवली. त्याला मोजायला काही मिळालं की तो आनंदात असतो, आणि तो आनंदात असला की घर शांत असतं.

त्या उन्हाळ्यात दोन्ही कुंड्यांतली झाडं शहाण्या मुलांसारखी वाढली. भरणीतलं मात्र दिव्याला टेकलं. एबरहार्ड त्याच्याकडे बघताना जरा मागे सरकायचा, घरात अचानक मोठा झालेला मुलगा असावा तसा. ऑगस्टमध्ये वास सुटला. फ्राउ क्नोडलरने बेल वाजवली.

"फ्राउ हेगेले, तुम्ही कोबी आंबवताय का? ऑगस्टमध्ये?"

रोझविथाने तिला आत नेलं, कुलूप उघडलं. फ्राउ क्नोडलर दाराशी उभी राहून बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली की तिच्या आईकडेही अशीच भरणी होती, पंधराची. मग म्हणाली की तिचे गुडघे अलीकडे जिना उतरताना फार बोलतात.

"देता येत नाही," आतल्या खोलीतून एबरहार्डचा आवाज आला. "कायदा आहे. कुणालाही नाही."

"मी कुठे मागितलंय?" फ्राउ क्नोडलर म्हणाली. पण जाताना तिने वासाबद्दल काही म्हटलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी जिन्याची खिडकी दिवसभर उघडी होती.

सप्टेंबरात काढणी झाली. दोन आठवडे दोरीवर वाळवणं झालं. मग एका मंगळवारी सकाळी एबरहार्डने इस्त्रीचा शर्ट घातला, स्वयंपाकघराच्या टेबलावर पांढरं कापड पसरलं आणि त्यावर आपला तराजू मांडला. पितळी, दोन पारड्यांचा, आणि त्याच्या दांडीवर त्याने नोकरीच्या शेवटच्या दिवशी मारलेला शेवटचा शिक्का.

पहिलं झाड, एकोणीस. दुसरं, सोळा. त्याने रोझविथाकडे पाहिलंही नाही. भरणीतलं, तेहतीस.

अडुसष्ट.

त्याने पुन्हा वजन केलं. पुन्हा अडुसष्ट. अठरा ग्रॅम जास्त. तो खूप वेळ पारड्याकडे बघत बसला, आणि मग उठून तपकिरी डब्यासाठी कागदाची पिशवी घेऊन आला.

रोझविथा आपल्या बोटांकडे बघत होती. सहा महिने, दोन वेळा जिना, एक फुटकी कुंडी, आईची भरणी.

"फेक," ती म्हणाली. "कायदा तो कायदा."

आणि तिने पाणी उकळायला ठेवलं, भांड्यांच्या मागून दाबयंत्र काढलं. खिडकी लावली नाही. यंत्र करकरायला लागलं. समोरच्या दाराआड ते ऐकू गेलं असणार. असो, तिने मनात म्हटलं, ऐकू देत.

"रोझले," एबरहार्ड म्हणाला.

रोझले तो तिला वर्षातून एखाद्या वेळेस म्हणायचा. यंत्र थांबलं.

"त्या भरणीला भोक आहे."

ती वळली.

"तू आल्गॉयला होतीस तेव्हा पाडलं. आठ मिलिमीटर. चिनी मातीसाठी ड्रिलचं वेगळं टोक आणलं, पाणी सोडत सोडत, हळूहळू. तडा गेला नाही. मी दोन तास उकिडवा बसलो होतो." त्याने वही उघडली. "रोज सकाळी पाणी मी घातलं. एकशे एकवीस दिवस. मोजून. परात मी रिकामी केली. पिवळी पानं मी काढली. जो निगा राखतो, झाड त्याचं, असं कायदा म्हणतो. ते झाड तुझं नाहीच. माझं आहे. तेहतीस ग्रॅम माझे, पस्तीस तुझे. दोघांचेही पन्नासच्या आत."

"तू त्यात नव्हतास ना?"

एबरहार्डने वही मिटायला वेळ घेतला. लाल सिग्नल हिरवा व्हायला जेवढा वेळ लागतो, तेवढा.

"होतो," तो म्हणाला.

रोझविथा मुलीच्या खोलीत गेली. रिकामी भरणी आडवी करायला तिला फ्राउ आयदिनची गरज पडली नाही. तळाशी बोट फिरवलं. भोक गोल होतं, अगदी मधोमध, आणि त्याची कड त्याने कानशीने घासून गुळगुळीत केली होती. तिच्या दुखऱ्या बोटाला ती कुठे लागली नाही.

"आईने तुला बडवण्याने मारलं असतं," ती बाहेर येऊन म्हणाली.

"माहीत आहे."

"कोबीने रड धरेपर्यंत."

मग दोन काचेच्या बरण्या भरल्या गेल्या. एकीवर 'रोझविथा, ३५', दुसरीवर 'एबरहार्ड, ३३', खाली तारीख आणि सही. तिच्या बरणीचं मलम होत गेलं. बोटं बरी झाली असं म्हणणं मापात बसणार नाही, पण नाताळच्या आदल्या रविवारी दाबयंत्र तळघरात गेलं, आणि समोरच्या फ्राउ क्नोडलरने पाटीवर सुरी चालण्याचा आवाज ऐकून आपल्या स्वयंपाकघरात रेडिओ बंद केला. दोन माणसांपुरते श्पेट्झले होत होते. एबरहार्डची बरणी कपाटात कुलपात होती. त्याला ती कशाला हवी होती हे कुणालाच ठाऊक नव्हतं; त्याला तर मुळीच नाही.

फेब्रुवारीत तिची बरणी संपली. तिने मागितलं नाही. देणं कायद्यात बसत नाही, हे दोघांनाही पाठ होतं. पुढच्या रविवारी तिने श्पेट्झले केले नाहीत, बटाटे केले, आणि दोघंही बटाट्यांबद्दल चांगलं बोलले.

सोमवारी दुपारी एबरहार्डने कपाट उघडलं, लेबल नीट चिकटलंय का ते बघायला बरणी बाहेर काढली, स्वयंपाकघराच्या टेबलावर ठेवली, आणि खाली हेर श्वेंककडे पत्ते खेळायला निघून गेला. कपाट उघडं, किल्ली कुलपात. चार तास तो खेळत होता. एरवी एक तासाने घड्याळ बघणारा माणूस.

परत आला तेव्हा घरात मेणाचा आणि तुपाचा वास होता, आणि रोझविथा चुलीजवळ पाठमोरी उभी होती. त्याने कोट काढला, पांढरं कापड पसरलं, तराजू मांडला, आपली बरणी पारड्यात रिकामी केली. एकतीस. पारडं पुसलं, पुन्हा घातलं. एकतीस. चष्मा काढून पुसला. दांडीवरचा स्वतःचा शिक्का अंगठ्याने चाचपला.

"तराजू बिघडलाय," तो म्हणाला, आणि बरणीचं झाकण लावलं.